बेलमारच्या राणीपुढची तीन नावं

मेलिओर पाच वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिला माझ्यासमोर आणून बसवलं आणि म्हणाले, "बाई, हिला वाचायला शिकवा. मुलगा झाला तर ही मठात जाईल, नाही झाला तर राज्य करील. दोन्हीकडे वाचता आलेलं बरं."

मुलगा झाला नाही. एकोणिसाव्या वर्षी मेलिओर बेलमारच्या गादीवर बसली आणि मी तिची बाईच राहिले. दरबारात मी तिला राणीसाहेब म्हणायची. दार लागलं की ती मेलिओर.

राज्य तसं लहान. समुद्रकाठचं एक शहर, डोंगरातले चार किल्ले, मधली उसाची रानं. आजोबांच्या पिढीने क्रूसाच्या नावाने तलवारीवर घेतलेलं, आणि तेव्हापासून चहूबाजूंनी कोणी ना कोणी परत मागत असलेलं. मेलिओरने सात वर्षांत शहराची उत्तरेची भिंत नव्याने बांधली, डोंगरातलं पाणी पाटाने चौकापर्यंत आणलं, आणि शेजारच्या अमीराशी दोनदा तह केला. तहाची पत्रं ती स्वतः लिहायची आणि सोबत बर्फात ठेवलेली खरबुजं पाठवायची. अमीर खरबुजं खायचा आणि तह पाळायचा. तिचा नवरा रेनो मात्र समुद्रापलीकडून आलेला. त्याला खरबुजांचं राजकारण कळत नसे. तह असताना तो अमीराच्या एका किल्ल्याला वेढा घालायला गेला आणि द्राक्षं उतरवायच्या दिवसांत तिथेच तापाने गेला. मेलिओर तेव्हा पोटुशी होती.

आमच्याकडची रीत अशी. राज्य तलवारीवर टिकलेलं, म्हणून गादी बाईकडे आली तरी तलवार धरणारा पुरुष तिच्या शेजारी हवा. विधवेला एक वर्ष आणि एक दिवस शोक करू देतात. मग दरबाराचे तीन सरदार तिच्या दारात येतात आणि तीन पुरुषांची नावं घेतात. चाळीस दिवसांत तिने त्यांतला एक निवडायचा. न निवडला तर गादी वर्षभर आणि एक दिवस कारभाऱ्याकडे. आणि एकदा कारभाऱ्याच्या बुडाखाली गेलेली गादी परत कोणी उचलून देत नाही, हे बेलमारमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. यातून सुटका एकच, वयाची साठ वर्षं पूर्ण होणं. मेलिओरला सत्ताविसावं लागलं होतं.

वर्ष सरलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी कारभारी आन्सो दोन सरदारांना घेऊन दारात उभा राहिला. मी मेलिओरच्या लेकीला, छोट्या ओदीनला, मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसले होते. आन्सो म्हणजे गोड बोलण्यात हातखंडा. त्याचा आवाज असा की शिवीसुद्धा आशीर्वादासारखी वाटावी.

"राणीसाहेब," तो म्हणाला, "रीतीप्रमाणे दरबार आपल्यापुढे तीन पुरुष ठेवतो. आजपासून चाळीस दिवसांत आपण त्यांतला एक पती म्हणून घ्यावा." हे वाक्य तीनदा म्हणायचं असतं. त्याने ते तीनदा म्हटलं. मग नावं घेतली.

पहिलं नाव ग्वेरिक. आन्सोचा पुतण्या, गेल्या वसंतातल्या जहाजाने आलेला. आंघोळ केली की माणूस आजारी पडतो असं मानणारा. पलीकडे त्याच्या दोन बायका झाल्या होत्या आणि दोघीही जिन्यावरून पडून मेल्या होत्या. दुसरं नाव हुगोलीन. वय एकाहत्तर, ठार बहिरा, आणि आन्सोचा सासरा. जावई कागदावर जिथे बोट ठेवील तिथे म्हातारा मोहोर उठवायचा.

तिसरं नाव घेताना आन्सो जरासा हसला. "आणि सरदार जोसरान."

दार बंद झालं. मेलिओर खिडकीपाशी गेली, पाठमोरी उभी राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. वळली तर हसत होती.

"चुकला, बाई! म्हातारा चुकला! जोसरानकडे जमीन नाही, घराणं नाही, म्हणजे ही त्याच्याकडे बघणारही नाही, असं धरून चालला. तिसरं नाव नुसतं भरतीला घातलं त्याने."

"असेल," मी म्हणाले.

"असेल काय? चाळीस दिवस मी गाल फुगवून बसते. शेवटच्या दिवशी दरबारात जाऊन म्हणते, जोसरान. आन्सोचं तोंड बघायला तुम्ही पुढच्या बाकावर बसा." तिने ओदीनला माझ्या मांडीवरून उचललं आणि गरकन फिरवलं. "ओदीन, तुला बाप मिळाला गं!"

मी दोघींकडे न बघता ओदीनचं दुपटं घड्या घालायला घेतलं.

त्याचं कारण सांगायचं तर आधीच्या हिवाळ्यात जावं लागेल. रेनो गेल्यावर डोंगरातल्या किल्लेदारांकडून निष्ठेची शपथ घ्यायला मेलिओर स्वतः गेली होती. पोट पुढे आलेलं, मी नको म्हणत होते. ऐकेल तर ती मेलिओर कसली! परतताना उसाच्या रानात तिला कळा सुरू झाल्या, महिनाभर आधी. सुईणीचं खेचर मागे पडलं होतं. जवळ एक गुऱ्हाळ होतं. तिथेच चिपाडांवर गोधड्या टाकून आम्ही तिला निजवलं. बाहेर घाणा फिरत होता, काहिलीत रस उकळत होता, आणि आत मी एकटी. हाताशी तिथला गुळव्या बुत्रोस, तोही आमच्याकडे पाठ करून.

मूल आलं ते निळं. रडेना. मेलिओर शुद्धीत नव्हती. बाप्तिस्मा न होता मूल गेलं तर त्याला ना देव ना ठिकाण, म्हणून अशा वेळी पाद्री नसला तर कोणीही डोक्यावर पाणी ओतून तीन शब्द म्हणावेत, असा नियम आहे. माझ्या हाताजवळून गुऱ्हाळाचा पाट वाहत होता. शब्द मला पाठ होते, शेकडो मुलांकडून मी ते घोकून घेतले होते. पण त्याच नियमात पुढे असंही आहे, की पुरुष हजर असेल तर बाईने ओतू नये. आणि नियम म्हटला की मी तो शेवटच्या ओळीपर्यंत पाळणारी. बुत्रोस ख्रिस्तीच, पण सुरियानी पंथाचा, त्याचे बाप्तिस्म्याचे शब्द निराळे. मी दाराशी ओरडले, "जोसरान! आत ये!"

जोसरान मेलिओरच्या रक्षकांचा पुढारी. धावत आला. बाळाकडे बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पाणी घ्यायला त्याला भांडं दिसेना, म्हणून त्याने साखर भरायचा मातीचा साचा उचलला. त्या साच्याला टोकाशी भोक असतं. भोकावर अंगठा दाबून त्याने पाटातलं पाणी भरलं, आणि विचारलं, "नाव? नाव काय म्हणू?"

"कुठलंही म्हण रे, लवकर!"

"ओदीन," तो म्हणाला. त्याच्या आईचं नाव. पुढचे शब्द त्याने चुकता चुकता पुरे केले आणि अंगठा काढला. थंडगार पाण्याची धार डोक्यावर पडली, आणि पोरीने असा टाहो फोडला की बाहेरचा बैल थांबला.

मेलिओर शुद्धीवर आली तेव्हा मी एवढंच म्हणाले, "मुलगी आहे. बाप्तिस्मा झालाय." ती समजली, बाईंनी दिला. गावच्या पाद्रीने दुसऱ्या दिवशी बाळाला पवित्र तेल लावलं, त्यानेही काही विचारलं नाही. त्या वेळी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण जो पुरुष मुलाला बाप्तिस्मा देतो तो त्या मुलाचा धर्मपिता होतो, आणि मुलाच्या आईचा देवाघरचा भाऊ. सख्ख्या भावाशी लग्न होत नाही तसं त्याच्याशीही होत नाही. पुढे उन्हाळ्यात मी गच्चीवर त्या दोघांना बुद्धिबळाचा पट मांडून बसलेलं बघू लागले. मेलिओर हरली की सोंगट्या उधळायची आणि तो त्या गोळा करत म्हणायचा, "राणीसाहेब, घोडा सज्ज्यातून खाली गेला. आता माझ्या घोड्यासारखाच लंगडा होणार." आज सांगू, उद्या सांगू करत मी गप्प राहिले. तिला इतकं हसताना मी तिच्या लग्नानंतर बघितलं नव्हतं.

नावं आली त्या दुपारी मी जोसरानला तबेल्यात गाठलं. तो घोड्याचा खूर मांडीवर घेऊन साफ करत होता.

"कळलं का?" मी विचारलं.

"कळलं. स्वयंपाकीण सकाळपासून मला 'महाराज' म्हणतेय. वाढलं मात्र रोजचंच, मसूर." त्याने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंड हसत होतं. "बाई, माझ्याकडे एक घोडा आहे, तोही लंगडा. ती खरंच माझं नाव घेईल?"

"जोसरान, गुऱ्हाळातलं आठवतंय का? पाणी तू ओतलंस."

"म्हणजे काय! विसरेन मी?"

"मग तू ओदीनचा धर्मपिता झालास."

"छे! धर्मपिता म्हणजे चर्चमधल्या हौदातून मूल उचलतो तो. रेशमी अंगरखा घालून. मी तर साखरेच्या साच्यातून पाणी सांडलं. तेही अर्धं माझ्याच बुटात." आणि तो पुन्हा खुराकडे वळला. त्याला ते खरोखरच माहीत नव्हतं. मी त्याला समजावायला हवं होतं. आयुष्यभर मी हेच केलं, ज्याला माहीत नाही त्याला समजावलं. त्या दिवशी जीभ उचलली नाही. मनाशी म्हटलं, तिथे होतं तरी कोण? तो आणि मी. बुत्रोस तर पाठ करून उभा होता.

सत्तावीस दिवस मी या आशेवर काढले. अठ्ठाविसाव्या दिवशी मी शहरातल्या न्हाणीघराकडे चालले होते. वाटेत आन्सोच्या वाड्याचं अंगण लागतं. तिथे तबेल्याच्या ओट्यावर बुत्रोस बसला होता. अंगावर नवा सदरा, पायांत कोऱ्या वहाणा, हातात मधात बुडवलेली पोळी.

"बुत्रोस? तू इथे कसा?"

तो गडबडला. "कारभाऱ्यांनी बोलावलंय, बाई. अकरा दिवस झाले. काही काम नाही, नुसतं खा नि झोप. म्हणतात, एक दिवस विचारू तेव्हा गुऱ्हाळात काय बघितलंस ते सांग, मग घरी जा." मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी पाठ केली होती हो. पण पाणी ओतल्याचा आवाज आला, तेव्हा वळून बघितलं. बाळ जगलं का बघायला."

गुऱ्हाळ आन्सोच्या मालकीचं होतं. हे मी कशी विसरले?

आन्सो चुकला नव्हता. मेलिओर जोसरानलाच निवडील हे त्याला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर नाव घातलं. निवड होऊन चाळीस दिवस उलटणार, लग्नाच्या दिवशी बिशप चर्चच्या दारात विचारणार, कोणाची हरकत आहे का? आणि बुत्रोस पुढे येणार. लग्न मोडलं, मुदत संपली, गादी आन्सोकडे. आणि जोसरानला नाही निवडलं तर ग्वेरिक किंवा हुगोलीन, म्हणजे पुन्हा आन्सोच. उंदराला तिन्ही बिळं मोकळी दिसावीत आणि तिन्हींच्या आत तेच मांजर बसलेलं असावं, तसं झालं होतं.

न्हाणीघर राहिलं. मी तशीच मागे फिरले आणि मेलिओरला सगळं सांगितलं.

तिने ओदीनला पाळण्यात ठेवलं. मग म्हणाली, "नऊ महिने! नऊ महिने तोंडात काय धरलं होतंत, बाई?"

"सांगणार होते."

"कधी? बिशपसमोर? पाणी तुमच्या हाताशी होतं. शब्द तुम्हाला पाठ होते. त्याला कशाला हाक मारलीत?"

"नियम आहे, पुरुष हजर असेल तर..."

"नियम!" ती एवढ्या जोरात ओरडली की ओदीन दचकून रडायला लागली. मेलिओरने तिला घेतलं, थोपटलं. मी तिच्यासमोर गुडघे टेकले.

"मी शपथेवर सांगेन, पाणी मीच ओतलं. बुत्रोस काय, गुळव्या! त्याच्यापेक्षा माझ्या शब्दाला वजन आहे. पाप लागेल ते मला लागू दे. माझे किती दिवस राहिलेत?"

"लहानपणी अंजीर खाऊन मी नाही म्हणाले, तर दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसवलंत."

"तेव्हा प्रश्न अंजिराचा होता."

ती हसली नाही. "आणि जोसरान? त्यालाही क्रूसावर हात ठेवायला लावतील. तो खोटं बोलेल का?"

तिच्यासाठी तो बोललाही असता. पण मग रोज तिच्या शेजारी झोपताना त्याच्या मनात काय आलं असतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मेलिओर उठली. खोलीत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. खिडकीखालच्या चौकात आन्सोचे पहारेकरी निर्विकार चेहऱ्याने उभे होते. वेशीच्या दोन्ही दारांवर त्याचीच माणसं, बंदरावरही. त्यांना बदलायचं तर दरबाराची संमती लागे आणि दरबार आन्सोचा. ती म्हणाली, "बाई, भिंत मी बांधली. बघा, आतून किती पक्की आहे." मग पुन्हा फेऱ्या. दुसऱ्या दिवशीही फेऱ्या. तिसऱ्या दिवशी तिने कपाटातून रीतींचं जाडजूड पुस्तक काढून मला मोठ्याने वाचायला लावलं. एकच पान. चार वेळा.

चाळिसाव्या दिवशी दरबार भरला. मी पुढच्याच बाकावर बसले. ग्वेरिक माझ्यापासून दहा हात लांब होता, तरी मला ओढणी नाकाशी धरावी लागली. जोसरानने नवा अंगरखा घातला होता. कोणाचा तरी मागून आणलेला, बाह्या आखूड. मेलिओरने त्याला काहीच सांगितलं नव्हतं. मला तिने शपथ घातली होती. तो तिच्याकडे असा बघत होता, की मी मान खाली घातली.

आन्सो उठला. "राणीसाहेब, मुदत संपली. आपली निवड?"

"निवडते," मेलिओर म्हणाली. "त्याआधी रीतीत आहे ते होऊ द्या. नावं देणाऱ्याने क्रूसावर हात ठेवून सांगायचं असतं, की या तिघांपैकी प्रत्येकाशी माझं लग्न होऊ शकतं. रक्ताची, धर्माची, कसलीच अडचण त्याला माहीत नाही."

आन्सोच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. पण त्याने आधी बिशपकडे बघितलं. "ही शपथ फार जुनी झाली, राणीसाहेब. हल्ली कोणी मागत नाही."

"मी मागतेय."

शपथ नाकारावी तर दिलेली नावं फुकट. घ्यावी तर बुत्रोसला नंतर पुढे आणायचं कसं? त्याने मनातल्या मनात हिशेब केला असणार, की लग्नाच्या दिवशी हरकत दुसऱ्या कोणाच्या तोंडून घेता येईल. त्याने क्रूसावर हात ठेवला आणि त्या मधाळ आवाजात शपथ घेतली.

"बाई," मेलिओर माझ्याकडे न बघता म्हणाली, "उठा. ओदीनच्या डोक्यावर पाणी कोणी ओतलं?"

बाहेर बंदरावरचे हमाल एकमेकांना घालत असलेल्या शिव्या ऐकू येत होत्या. मी उभी राहिले. त्या क्षणीसुद्धा मला 'मी' म्हणता आलं असतं. तिने प्रश्न विचारला होता, उत्तर माझ्या तोंडात होतं. मी जोसरानकडे बघितलं. त्याला अजूनही काही कळलं नव्हतं. तो मला धीर द्यायला मान हलवत होता, सांगा ना बाई, त्यात काय.

"सरदार जोसरानने," मी म्हणाले. "माझ्या सांगण्यावरून. ओतायला मी होते, पण मी त्याला बोलावलं."

बिशप ताडकन उठला. "म्हणजे हे दोघं धर्माने भाऊ-बहीण!"

जोसरानची मान हलायची थांबली. चेहरा हळूहळू रिता होत गेला, रिकाम्या केलेल्या घरासारखा.

"दुसरा साक्षीदारही आहे," मेलिओर म्हणाली. "गुळव्या बुत्रोस. तो अकरा दिवस, नाही, आता तेवीस दिवस झाले, कारभाऱ्यांच्या तबेल्यात पाहुणा आहे. त्याला कोणी बोलावलं आणि कशाला, ते मी विचारत नाही." ती आन्सोकडे वळली. "विचारू का?"

"नको," आन्सो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज कोरडा आला.

खोट्या शपथेला आमच्याकडे हात तोडतात. तिला ते मागता आलं असतं. पण चौकात, वेशीवर, बंदरावर उभी असलेली माणसं त्याची होती आणि हे त्या दोघांनाही माहीत होतं. म्हणून ती त्याच्या सासऱ्याकडे गेली. हुगोलीन दरबारातला सगळ्यांत जुना सरदार, रीतीवर शेवटचा शब्द त्याचा. तो नेहमीप्रमाणे पेंगत होता. मेलिओर त्याच्या कानाशी वाकून ओरडली, "आजोबा! मला तीन नावं द्यायची रीत आहे. एक नाव धर्माने बाद निघालं. मग मला नावं दिली असं होतं का?"

आन्सो मागून घाईघाईने काही पुटपुटला, म्हाताऱ्याकडे बोट हलवलं. पण म्हाताऱ्याला ऐकू यायचं ते कानात ओरडलेलंच, आणि डोळे त्याचे मेलिओरवर होते.

"दोन नावं म्हणजे नावं नव्हेत!" हुगोलीन गरजला. बहिऱ्या माणसाचा आवाज, छताला लागला. "पहिल्यापासून द्या! माझ्या बापाच्या वेळी असंच झालं होतं. आणि मुलीला विचारा, जेवलीस का, किती वाळलीय."

लोक हसले. बिशपने मान डोलावली. चाळीस दिवस रद्द झाले, गादी मेलिओरकडे राहिली. मी खाली बसले.

दुपारी जोसरान वर आला. आता त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. राणीच्या धर्मभावाला दार उघडंच असतं, कोणी चकार शब्द काढत नाही. तो दारातच थांबला. मागून आणलेला अंगरखा त्याने काढून ठेवला होता.

"मला आधी सांगितलं असतंत तर," तो म्हणाला.

"तर?"

"मी शपथ घेतली असती. बाईंनी ओतलं म्हणून."

"माहीत होतं," मेलिओर म्हणाली. "म्हणून सांगितलं नाही. बसा. जेवलात का?"

तो बसला नाही. ओदीन जमिनीवरून रांगत त्याच्या पायाशी गेली आणि बुटाचा पट्टा धरून उभी राहायला लागली. त्याने खाली बघितलं. किती तरी वेळ नुसतं बघितलं. मग म्हणाला, "डोंगरातला वरचा किल्ला रिकामा आहे. किल्लेदार म्हणून मला पाठवा, राणीसाहेब."

"तिथे हिवाळ्यात वाट बंद होते."

"हो."

तिने पत्र लिहिलं. मोहोर उठवताना लाख तिच्या बोटावर सांडली, तरी तिने हात मागे घेतला नाही. तो पत्र घेऊन गेला. ओदीनचा हात पट्ट्यावरून त्याने फार हळू सोडवला होता, एकेक बोट. जिन्यावरून पावलं खाली उतरत गेली तशी मेलिओर म्हणाली, "बाई, काही बोलू नका." मी ओदीनला उचलून घेतलं.

संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा व्हायच्या आधीच दार वाजलं. दासी घाबरत आत आली. "कारभारी आलेत. सोबत दोन सरदार. म्हणतात, रीतीप्रमाणे आलोय."

"इतक्यात?" मी म्हणाले.

"उशीर कशाला करील?" मेलिओरने तोंडावरून पाणी फिरवलं, केस ओढणीखाली घेतले, खुर्चीत ताठ बसली. "ओदीनला आतल्या खोलीत ठेवा आणि तुम्ही इथेच थांबा. नावं नीट ऐका. कोणाचं काय नातं, कोण कोणाचा धर्मपिता, कोणाची बायको खरंच मेलीय, सगळं आपल्याला शोधावं लागेल. चाळीस दिवस आहेत." मग दासीला म्हणाली, "येऊ दे त्यांना."

आन्सोने झुकून नमस्कार केला. आवाज पुन्हा पहिल्यासारखा मधाळ झाला होता. वाक्य त्याने तीनदा म्हटलं, एक अक्षरही न वगळता. मेलिओर खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ऐकत होती.

पहिलं नाव ग्वेरिकचंच होतं.